बँकरचं गाव

गाडी का थांबते, हे कर्जतच्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पुढं घाट आहे, चढ सदतिसाला एक आहे, मागून ढकलणारं इंजिन लागल्याशिवाय गाडी खंडाळ्याला पोचत नाही. त्या इंजिनाला आम्ही बँकर म्हणतो. बँकर लागेपर्यंतच्या मिनिटांत प्रवासी वडा खातात, आणि त्या मिनिटांवर आमचं अर्धं गाव जगलं. माझे वडील त्याच बँकरवर ड्रायव्हर होते.

१९९७ साली मी शिकायला म्हणून आयोवातल्या एम्सला आलो आणि राहिलो. इथून पश्चिमेला पंधरा-सोळा मैलांवर बून नावाचं रेल्वेचं गाव आहे. त्याच्याही पलीकडं, खाली दे मॉइन नदीच्या खोऱ्यात, मोइंगोना नावाची एक वस्ती आहे. वस्तीच म्हणायची, थोडी घरं, झाडी आणि छोटंसं रेल्वे म्युझियम. वर्षातून चार-पाच वेळा तरी माझी तिथं चक्कर होते. "तिथं आहे काय एवढं?" असं बायको दर खेपेला विचारते. तिला उत्तर म्हणून हे लिहायला घेतलं. आकडे घातलेत ते वाचायला सोपं जावं म्हणून, त्यांत चढता-उतरता क्रम नाही.

१. गावाला ग्रामपंचायत लागतेच असं नाही.

मोइंगोना कागदोपत्री गावच नाही. सरकारदरबारी नोंदणी करून नगरपालिका स्थापली तर इथं गाव 'गाव' होतं. मोइंगोनाची तशी नोंद नाही, त्यामुळं महापौर नाही, नगरपालिकेचा कर नाही, पोलीस नाही. काही झालं तर बूनहून काउंटीचा शेरीफ येणार. रस्त्यावरचा बर्फ काउंटीच काढणार, तिच्या सवडीनं. मधे टाउनशिप म्हणून एक जुनी यंत्रणा आहे. तिचे तीन निवडून दिलेले विश्वस्त असतात आणि त्यांच्याकडं मुख्यतः तीन कामं: आग विझवायची सोय, दफनभूमीची देखभाल आणि कुंपणाची भांडणं.

हे तिसरं काम ऐकून मी उडालोच. दोन शेजाऱ्यांत कुंपण कुणी घालायचं, किती घालायचं यावरून वाजलं तर हे विश्वस्त स्वतः जाऊन कुंपण बघतात आणि निवाडा देतात. कायद्यात तशी तरतूदच आहे. आमच्याकडं बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तलाठी, अग्निशमन आणि स्मशान, सगळं तिघांत. बरंय की."

२. आधी उतार बघायचा.

नकाशात मोइंगोना म्हणजे एक ठिपका. बूनहून मोटारीनं खाली उतरलं की तो ठिपका तिथं का पडला ते कळतं. आयोवा सपाट आहे असं सगळेच म्हणतात, पण दे मॉइन नदीनं इथं खोल खोरं कोरलंय. १८६० च्या दशकात शिकागोहून मिसुरी नदीकडं निघालेला रेल्वेमार्ग या खोऱ्याशी आला. एवढा मोठा पूल बांधायला तेव्हा ना पैसा होता ना तंत्र. मग रूळ वळणं घेत खाली उतरवले, नदी ओलांडली आणि पलीकडं वर चढवले. म्हणजे कुठल्याही बाजूनं आलेली गाडी आधी उतरणार आणि मग चढणार. चढायला मागून इंजिन हवं. ते इंजिन, त्याचे ड्रायव्हर-फायरमन, त्यांना पाणी, कोळसा, झोपायला जागा, हे सगळं खोऱ्याच्या तळाशी हवं. जवळच कोळशाच्या खाणी निघाल्या आणि खाणकामगारही आले. झालं गाव.

पहिल्यांदा गेलो तेव्हा म्युझियम दाखवणाऱ्या आजीबाई मला समजावून सांगू लागल्या, "इथं पुशर इंजिन ठेवायचे. पुशर म्हणजे..." मी म्हटलं, "आजी, माझा बाप तेच चालवतो." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं नीट पाहिलं. भारतातून आलेला पोरगा आपल्याला पुशर शिकवेल, असं त्यांना वाटलं नसावं. त्या दिवसापासून आमची ओळख पक्की.

३. पुलावरून चालताना खाली बघायचं नाही.

मोइंगोनाचं नाव ज्या कुणाला माहीत आहे, त्याला ते केट शेलीमुळं. ६ जुलै १८८१ च्या रात्री इथं तुफान पाऊस झाला. केट आयर्लंडहून आलेल्या कुटुंबातली मुलगी. तिचे वडील याच रेल्वेत रुळांच्या टोळीचे मुकादम होते, ते तीन वर्षांपूर्वीच वारलेले. घर नदीच्या पूर्वेला, हनी क्रीक नावाच्या ओढ्याजवळ. तिचं वय थडग्यावरच्या जन्मतारखेप्रमाणे पंधरा, आयर्लंडमधल्या चर्चच्या नोंदीप्रमाणे सतरा. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला असतो, त्यामुळं या घोळाचं मला नवल वाटलं नाही.

रात्री अकराच्या सुमारास मोइंगोनाचं अकरा नंबरचं पुशर इंजिन चार माणसांना घेऊन रूळ तपासायला निघालं. हनी क्रीकवरचा पूल पुरानं खिळखिळा झालेला. इंजिन पुलासकट खाली गेलं. आवाज ऐकून केट कंदील घेऊन बाहेर पडली. दोघं झाडाच्या फांद्या धरून पुरात तग धरून होते. त्यांना काढणं तिच्या एकटीच्या हातात नव्हतं. पण तिला रेल्वेचं वेळापत्रक पाठ होतं: मध्यरात्री पश्चिमेकडून प्रवासी एक्स्प्रेस यायची होती. मोइंगोना स्टेशन नदीच्या पलीकडं, मधे दे मॉइन नदीवरचा लाकडी पूल, सातशे फुटांच्या आसपास लांब. लोकांनी त्यावरून पायी ये-जा करू नये म्हणून स्लिपरमध्ये मुद्दाम अंतर ठेवलेलं. कंदील विझला. ती हातापायांवर रांगत, विजेच्या उजेडात एकेक स्लिपर चाचपत पलीकडं गेली.

गोष्ट इथपर्यंत सगळे सांगतात. मला त्यातला फक्त तो पूल कळतो, कारण सातवीत असताना मी पैजेखातर उल्हास नदीच्या रेल्वे पुलावर चढलो होतो. दिवस होता, ऊन होतं, पाऊस नव्हता. तरी पहिल्या दहा-बारा स्लिपरनंतर पाय हलेना. दोन स्लिपरमधून खालचं पाणी दिसतं आणि ते वाहत असतं. जरा वेळ बघितलं की पाणी थांबल्यासारखं वाटतं आणि पूलच सरकायला लागतो. मी मटकन खाली बसलो, दोन्ही हातांनी रूळ धरला. रूळ तापलेला होता, तळवे भाजले, तरी सोडवेना. मागून एका गँगमननं येऊन मला बखोटीला धरून उचललं, आणि घरी पोचायच्या आधी बातमी वडिलांपर्यंत पोचली. त्या रात्री खाल्लेली थप्पड अजून आठवते.

म्हणून लोक केटची गोष्ट सांगताना "ती धाडसी होती" म्हणतात तेव्हा मला ते शब्द अपुरे वाटतात. अंधार होता म्हणून तिला खालचं पाणी दिसलं नसेल, तेवढाच काय तो तिला फायदा. पण वीज चमकली की दिसतच असणार.

४. रेल्वेवाल्याला गोष्ट सांगितली की तो वेगळेच प्रश्न विचारतो.

२००४ मध्ये, निवृत्तीनंतर, वडील आणि आई इथं आले होते. वडिलांना मी नायगारा दाखवला, शिकागो दाखवलं. ते हं हं करत राहिले. मोइंगोनाला नेलं तेव्हा मात्र त्यांनी बुटाच्या नाड्या बांधून घेतल्या. आजीबाईंनी पूर्ण गोष्ट सांगितली, मी मधे भाषांतर करत होतो. संपल्यावर वडिलांचा पहिला प्रश्न: "गस्तीची माणसं कुठं होती?"

आमच्या घाटात पावसाळाभर गस्त असते. हातात बत्ती, खांद्याला पिशवी, पिशवीत रुळावर लावायचे फटाके. दरड दिसली की रुळाला फटाका लावायचा. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की धडाड आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. वडिलांच्या हिशेबानं केट शेलीनं जे केलं ते पगारी माणसाचं काम होतं.

आजीबाई म्हणाल्या, "अकरा नंबरचं इंजिन तेच करायला गेलं होतं."

वडील गप्प झाले. मग त्यांनी विचारलं, "त्या चौघांची नावं?" आजीबाईंना ती तोंडपाठ होती. एडवर्ड वुड आणि अ‍ॅडम एगर वाचले, केटनं स्टेशनात सांगितल्यावर ती स्वतःच माणसांना घेऊन परत गेली आणि त्यांना काढलं. ओल्मस्टेड आणि पॅट्रिक डोनाह्यू गेले. एक्स्प्रेस पश्चिमेलाच थांबवली होती, तिच्यात दोनशेच्या आसपास प्रवासी होते.

वडिलांनी अभिप्रायाच्या वहीत देवनागरीत स्वतःचं नाव, "सेवानिवृत्त, कर्जत" आणि खाली ती दोन नावं लिहिली, ओल्मस्टेड आणि डोनाह्यू. केटचं लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तिचं सगळे लिहितात."

५. डाव्या-उजव्याकडं लक्ष असू द्यावं.

त्याच दिवशी परत येताना बूनला फाटकाशी थांबलो होतो. गाडी आली आणि वडील एकदम सरसावले. "अरे, ही डाव्या रुळावरनं चाललीय!" अमेरिकेत मोटारी उजवीकडून चालतात आणि दुहेरी मार्गावर बहुतेक रेल्वेगाड्याही. पण हा मार्ग ज्या शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नकडं होता, ती डाव्या बाजूनं गाड्या चालवायची. १९९५ मध्ये ती कंपनी युनियन पॅसिफिकनं घेतली, पण सवय राहिली. इथं सात वर्षं राहून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. वडिलांना एका मिनिटात दिसलं, आणि त्यानंतर दोन दिवस त्यांची तब्येत खुशीत होती. घरी फोन करून माझ्या बहिणीला त्यांनी पहिलं हेच सांगितलं, नायगाऱ्याचं नंतर.

६. बक्षिसाचा हिशेब नीट वाचावा.

रेल्वेनं केटला शंभर डॉलर दिले, अर्धं पिंप पीठ, अर्धा वॅगन कोळसा आणि आयुष्यभराचा पास. राज्यानं पदक दिलं. कंडक्टरांच्या संघटनेनं सोन्याचं घड्याळ दिलं. घर गहाण होतं. पुढं शिकागो ट्रिब्यूननं निधी जमवला तेव्हा ते सुटलं. १९०३ मध्ये रेल्वेनं तिला मोइंगोनाच्या स्टेशनात एजंटची नोकरी दिली. १९१२ मध्ये ती वारली.

या यादीत मला एक गोष्ट बरीच वर्षं दिसलीच नव्हती. ती १९०३ ची तारीख.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९०१ मध्ये, रेल्वेनं बूनच्या पश्चिमेला नदीवर नवा पोलादी पूल बांधून पुरा केला. लांबी २,६८५ फूट, पाण्यापासून उंची १८५ फूट, दुहेरी रूळ. आता गाडीला खोऱ्यात उतरायचंच नव्हतं. वरच्या वर सरळ निघून जायची. मुख्य मार्ग मोइंगोनाला वळसा घालून गेला. पुशर इंजिनं हलली, त्यांची माणसं हलली, खाणीही सरत आल्या. मोइंगोनाला राहिली एक शाखा; पुढं तीही उखडली. म्हणजे केटला स्टेशन मिळालं ते मेल-एक्स्प्रेस येणं बंद झाल्यावर. जिनं एक्स्प्रेस थांबवली, तिच्या स्टेशनात एक्स्प्रेस यायचीच नाही.

आणि ज्या पुलानं मोइंगोना संपवलं, त्याला नाव कुणाचं? केट शेली हाय ब्रिज. पुढं एका गाडीलाही तिचं नाव दिलं, केट शेली ४००. ती १९७१ मध्ये अ‍ॅमट्रॅक सुरू झाली तेव्हा बंद पडली. २००९ मध्ये जुन्या पुलाशेजारी काँक्रीट आणि पोलादाचा नवा पूल झाला, त्यालाही तेच नाव.

यात कुणाचा कट होता असं मी म्हणत नाही. पूल बांधणारे इंजिनिअर होते, चढ टाळणं हे त्यांचं काम, मीही तेच केलं असतं. पण पुलाचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा कौतुक वाटलं होतं. तारखा जुळवल्यावर मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. आजीबाईंना विचारलं की गावाला याचा राग नाही का. त्या म्हणाल्या, "राग धरायला गाव तरी उरायला हवं." आणि हसल्या. मग कॉफीचं पातेलं घेऊन आल्या.

७. पाटी वाचून रस्ता धरावा.

हे फार थोडक्यात, कारण यात माझाच मूर्खपणा आहे. आयोवात काही कच्च्या रस्त्यांवर पाटी असते: 'लेव्हल बी, किमान देखभाल, स्वतःच्या जबाबदारीवर जा'. एका एप्रिलमध्ये जुन्या मार्गाचा भराव शोधायला मी असल्या एका रस्त्यावर गाडी घातली. वितळलेल्या बर्फाचा चिखल, इथली काळी माती, कोकणातल्या भातखाचरात उतरल्यासारखी गाडी रुतली. तासाभरानं एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी लावली, ओढून काढली. पैसे देऊ केले तर त्यानं हात झटकला. विचारलं, इथं काय शोधत होतास? म्हटलं, जुन्या रेल्वेचा भराव. तो म्हणाला, "त्यावरच उभा आहेस." पायाखाली बघितलं तर चिखलात काळी काळी खडी होती, इंजिनाच्या भट्टीतून पडलेली राख आणि कोळशाचे जळके खडे. एक उचलून खिशात टाकला. तो अजून माझ्या टेबलावर आहे, बायको दोनदा फेकायला निघाली होती.

८. हात केला की कुणीतरी हात करतं, असं धरून चालू नये.

वडिलांना एक सवय होती. कुठलीही गाडी समोरून गेली की ते शेवटच्या डब्याला हात करायचे. बँकरवरच्या माणसाला आयुष्यभर गाडीचं मागचं टोकच भेटतं; पुढचा ड्रायव्हर त्याला दिसत नाही, दिसतो तो गार्ड. कर्जतला बँकर लागला की गार्ड मागं वळून हात करायचा, आणि लोणावळ्याला सुटला की पुन्हा. आमच्या घरात हात करणं हा रेल्वेचा नियम असल्यासारखाच होता.

२००४ च्या त्या मुक्कामात मी त्यांना हाय ब्रिजच्या पायथ्याशी नेलं. वरून वायोमिंगच्या कोळशाची गाडी चालली होती, मैलभराहून लांब. तोल सांभाळत, हळूहळू. वडील मान वर करून डबे मोजत होते. शंभराच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं. मग शेवटी, कोळशाच्या डब्यांच्या मागं, एक पिवळं इंजिन आलं.

"बँकर!" वडील म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. दोन्ही हात.

मी त्यांना सांगायला हवं होतं. ते मागचं इंजिन पुढच्या इंजिनातूनच रेडिओवर चालवतात. त्यात माणूस नसतो. पण मी काही बोललो नाही, आणि ते इंजिन पूल ओलांडून झाडीआड जाईपर्यंत ते हात करत राहिले. परतताना मोटारीत बसल्यावर म्हणाले, "झोपला असेल. रात्रपाळी असेल." मी म्हटलं, "असेल." बऱ्याच वेळानं, एम्स जवळ आल्यावर, ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नव्हता ना कुणी आत?"

२०१९ मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी सुरू झाली. दोन्ही टोकांना इंजिन, त्यामुळं घाटासाठी कसाऱ्याला बँकर लावायचं काम नाही. वडील तेव्हा पंच्याहत्तरीच्या घरात होते, पेपर रोज बारकाईनं वाचायचे. रविवारी फोनवर त्यांनी ती बातमी मला वाचून दाखवली, वेळापत्रकासकट.

"म्हणजे कसाऱ्याला गाडी थांबायचं कारणच नाही," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्या आजीबाई आहेत का रे अजून? ती वही आहे का त्यांच्याकडं?"

पुढच्या शनिवारी मी गाडी काढली.